पप्पांच्या पाइपाचं भोक

पाइप ओढणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि घरी बसून पाइप सुधारणाऱ्यांबद्दल तर अजिबात नाही. हे मत मी हवेतून काढलेलं नाही. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात मी तीस वर्षं लेथवर उभा आहे आणि भोक पाडणं काय असतं ते मला कळतं. भोक पाडायला काय अक्कल लागते, असं म्हणणारा माणूस शेवटी भिंत, टेबल किंवा स्वतःची मांडी यांपैकी काहीतरी खराब करून थांबतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मांडी वाचवली, पण पाइप गेला. हा गृहस्थ एव्हरशाईन सिटीत राहतो आणि मुंबईत ऑफिसला जातो. आमच्या घरी सगळे त्याला जावई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. चाळिशी आली की ऑफिसातल्या माणसांना काहीतरी होतं. कोणी सायकल घेतो, कोणी पहाटे उठून डोंगर चढतो. ह्याने पाइप घेतला. मग फोनवर पाइपवाल्यांचा एक ग्रुप शोधला. त्या ग्रुपवर म्हणे दिवसभर एकच चर्चा चालते: पाइपात हवा कशी खेळवावी. कंपन्या भोक बारीक पाडतात, साडेतीन मिलिमीटर, ते चार करायला हवं, म्हणजे धूर थंड येतो, तंबाखूची चव उघडते, वगैरे. एक जण सायकलची तार तापवून भोक मोठं करतो. एकाने आपल्या पाइपाचा उभा छेद काढून फोटो टाकला होता. पाइप कापून फोटो काढायचा आणि मग तो बरा ओढतो की नाही हे सांगायचं, ही कोणती रीत ते त्यालाच ठाऊक.

तर एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर जावई आमच्याकडे गावात आला. आमचं घर स्टेशनच्या पश्चिमेला, वाडीत. हातात बुटांची पिशवी, पिशवीत पाइप.

"दादा, ह्याला एअरफ्लो नव्हता," तो म्हणाला, "म्हणून मी थोडं ओपन करायला गेलो."

थोडं ओपन करायला तो बाल्कनीत स्टुलावर बसला होता, पाइप दोन गुडघ्यांत धरला होता आणि भिंतीला भोकं पाडायची मशीन त्यात घातली होती. ड्रिल दांड्यातून सरळ गेलं, तंबाखू भरायच्या वाटीत शिरलं आणि वाटीचा तळ फोडून बाहेर आलं. मी पाइप उजेडात धरला. एका टोकातून पाहिलं तर वाडीतली केळ दिसत होती.

"आता भरपूर एअरफ्लो आहे," मी म्हटलं.

मी हसलो आणि माझी बायकोही हसली. बहीण आधीच घरी हसून आली होती, तरी ती परत हसली. एकटे पप्पा हसले नाहीत. त्यांनी तो पाइप हातात घेतला, बोटाने भोक चाचपलं आणि जावयाला म्हणाले, "बसा. कसा काय, नीट सांगा." मग पाव तास माझा बाप त्या माणसाचं हवेच्या प्रवाहावरचं प्रवचन ऐकत बसला. बाप माझं पाव तास कधी ऐकत बसल्याचं मला आठवत नाही.

इथे पप्पांबद्दल सांगायला हवं. ते आयुष्यभर बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. तेल घालण्यापासून सुरुवात करून फिटर झाले. दहा दहा महिने बाहेर असत. परत आले की घरातली प्रत्येक वस्तू तपासत आणि ती चुकीच्या जागी आहे असं जाहीर करत. निवृत्त झाल्यावर वाडीत केळी, थोडी पानवेल आणि विहिरीवरचा पंप हे त्यांचं राज्य झालं. राज्यात प्रजा मीच. एकदा पंप आवाज करायला लागला. मी म्हटलं, आतला बुश, दांडा फिरतो ती कडी, झिजलाय. ते म्हणाले, "तुला काय कलते?" मग त्यांनी बाहेरून माणूस बोलावला. त्याने पंप उघडला, बुश झिजल्याचं सांगितलं, आणि पप्पांनी त्याला चहा पाजला.

गाळ्यात मी मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडेतिकडे होऊ देत नाही. एकदा मी माझ्या हातचा एक पितळी बुश घरी आणला होता. इतका गुळगुळीत झाला होता की टाकायला जीव होईना. पप्पांनी तो तळहातावर फिरवला, "दिसाला बरा हाय" म्हणाले, आणि तेव्हापासून तो त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर वजन म्हणून राहिला. पंख्याने पानं उडू नयेत एवढं त्या बुशाचं कर्तृत्व.

मला त्यांच्याकडून काय हवं होतं ते सांगून टाकतो, कारण ते लपवून ह्या गोष्टीत काही उरत नाही. मला एकदा ऐकायचं होतं की मी एखाद्या कामाबद्दल जे बोललो ते बरोबर आहे. दुसऱ्या कोणी येऊन तेच सांगण्याआधी, माझ्याकडून. बावन्नाव्या वर्षी पुरुषाने असली अपेक्षा धरावी ह्याची मला लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून अपेक्षा जात नाही.

पप्पांचे पाइप तीन. तिन्ही कुठल्या कुठल्या बंदरांत घेतलेले. त्यांतला एक लाडका, काळपट लाकडाचा, दांडा थोडा वाकडा. जेवणानंतर तो तोंडात असायचा आणि तो तोंडात असला की बोलणं कमी व्हायचं. त्यामुळे आईचा पाइपाला विरोध नव्हता. आई गेल्यावरही त्यांनी एक नेम मोडला नाही. राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी ते शेवटचा पाइप ओढत. मग तिन्ही पाइप जुन्या रुमालात गुंडाळून माझ्या हातात देत. प्रायश्चित्तकाळाचे, म्हणजे ईस्टरआधीचे, चाळीस दिवस ते पाइप माझ्या गाळ्यातल्या ड्रॉवरमध्ये राहत. घरात ठेवले तर मन जाईल म्हणून गाळ्यात. आमच्या गावात कोणी मटण सोडतं, कोणी दारू सोडतं, आणि बरेच जण रविवार उपवासात धरत नाहीत असं सांगून रविवारी सगळं वसूल करतात. पप्पा अशा लोकांकडे चर्चमध्ये वळून बघायचे. ते स्वतः ईस्टरच्या मिस्सेपर्यंत तंबाखूचा वासही घेत नसत. ह्या एका बाबतीत मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

जावयाने आपला पाइप फोडला त्या वर्षीचा ईस्टर. सकाळची मिस्सा झाली, घरी मटण झालं, बहीण आणि जावई जेवायला होते. पप्पा ओटीवर आपल्या खुर्चीत बसले. मी रुमाल आणून दिला. त्यांनी लाडका पाइप काढला, नेहमीसारखा तीन चिमटीत भरला, अंगठ्याने दाबला, काडी लावली. गाल आत गेले. काडी विझली. दुसरी लावली. पुन्हा गाल आत गेले, आणि ते पाइप तोंडातून काढून माझ्याकडे बघत राहिले.

"काय केलास ह्याला?"

"काही नाही. ड्रॉवरमध्ये होता."

"ओढत नाय हा. जड झाला."

चाळीस दिवस पाइप माझ्याकडे होता. बुधवारच्या आधी बरा ओढत होता, आता ओढत नाही, मग दोष कोणाचा? सरळ हिशेब होता आणि पप्पांनी तो सरळच केला. मी पाइप घेतला, रिकामा केला, दांडा आणि तोंडाकडची नळी वेगळी केली, आतून तार घातलेली दोरी फिरवली. स्वच्छ. फुंकून पाहिलं. हवा जात होती.

"साफ आहे, पप्पा. ह्यात काही अडकलेलं नाही."

"मंग ओढत का नाय?"

"तंबाखू ओली असेल."

"तंबाखू मना शिकवतो तू?"

तेवढ्यात जावयाचा चेहरा उजळला. त्याला मी दोष देत नाही. माणसाने महिनोन्‌महिने एखादी गोष्ट लोकांना पटवायचा प्रयत्न करावा आणि शेवटी एक म्हातारा त्याच्या बाजूने उभा राहावा, असा आनंद आयुष्यात क्वचित मिळतो. "पप्पा, मी बोललो होतो ना! एअरफ्लो!" तो म्हणाला. पप्पांनी मान हलवली. ती मान माझ्याकरता कधी हलली नव्हती.

म्हणजे ज्या माणसाला मी हसलो होतो त्याचंच काम मला करायला लागणार होतं. सोमवारी मी पाइप गाळ्यात नेला. जावयासारखा गुडघ्यात धरला नाही. सागाच्या दोन पट्ट्या घेतल्या, त्यांना पाइपाच्या आकाराची खाच केली, त्यांत दांडा बसवून तो लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरला. ड्रिल मशीनवर चालवलं नाही, हाताने फिरवलं. साडेतीनचं भोक तीन पॉइंट आठ केलं. आत थुंकी अडकेल एवढाही खडबडीतपणा ठेवला नाही. तोंडाकडची नळी एबोनाइटची, कडक रबराची होती, तिच्या तोंडाची चीर बारीक कानशीने कणभर रुंद केली. सगळं झाल्यावर मी तो पाइप हातात धरला आणि खरं सांगतो, मला मजा आली. फोनवरच्या त्या गृहस्थांना हे काम दाखवावं असंही वाटलं. दुसऱ्या दिवशी जावयाने फोटो मागितला, तर नको म्हणता म्हणता मी दिला. त्याने तो ग्रुपवर टाकला. लोकांनी अंगठे दाखवले, कोणीतरी 'कडक काम' असं लिहिलं. मी ते सगळं वाचलं. तिरस्कार करणारा माणूस अंगठे मोजत नाही असं कोणी समजू नये.

पप्पांनी पाइप ओढला. "थोडा बरा. पन अजून जड हाय."

मग चार मिलिमीटर. "बरा." आणि एवढ्यावर मला समाधान मानायला हवं होतं. पण 'बरा' म्हणताना त्यांनी पाइप अर्धाच ओढून ठेवला. मला वाटलं, नाराजी दाखवायची त्यांची रीत आहे. मग जीभ पोळायला लागली, कारण भोक मोठं झालं की धूर गरम येतो आणि तंबाखू भराभर जळते. हे मी त्यांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, आजकाल तंबाखूच खराब येते. मी बायकोला म्हटलं, ह्या माणसाला स्वर्गात नेऊन बसवलं तरी तिथली खुर्ची डगमगते असं सांगतील.

त्या वर्षात बाकीही काही गोष्टी झाल्या, ज्या मी पाहिल्या आणि ज्यांची मी थट्टा केली. पप्पा विहिरीपासून घरापर्यंत येताना मध्ये केळीपाशी थांबायला लागले. विचारलं तर म्हणायचे, घड बघत होतो. रोज कोणता घड बघायचा असतो? चर्चला चालत जाताना दोनदा थांबले, तर नवी चप्पल लागते म्हणाले. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला चौदा ठिकाणं असतात, पप्पा सहाव्या ठिकाणी बाकावर बसले आणि बसूनच राहिले. घरी येऊन म्हणाले, ह्या फादरचं वाचन फार लांबतं. मी विश्वास ठेवला, कारण पप्पांना आजवर एकही फादर पसंत पडलेला नव्हता. गायनातही ते आता तोंड हलवायचे, आवाज काढत नसत. मला वाटलं, गाणारे बदलले म्हणून रुसले असतील.

माझ्या बायकोने एकदा स्वच्छ सांगितलं. "पप्पा बोलताना मध्येच थांबतात. बघितलंत का?"

"ते आयुष्यभर थांबतात," मी म्हटलं. "म्हणजे समोरच्याला वाटतं, आता काहीतरी मोठं येणार."

मी माझ्या वाक्यावर खूश होतो. आता ते वाक्य मला आठवतं तेव्हा माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसरा राखेचा बुधवार आला. पप्पांनी रुमाल दिला. चाळीस दिवस गेले. ईस्टरला पुन्हा तेच: ओटी, खुर्ची, तीन चिमटी, दोन काड्या, आत गेलेले गाल. ह्या वेळी तिसरी काडीही लागली. पाइप पेटला नाही. पप्पांनी तो मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "अजून मोठा कर."

"पप्पा, आता चार आहे. ह्याच्यापुढे पाइप राहणार नाही. तंबाखूचे तुकडे तोंडात येतील."

"येवदे."

"जगात कुठल्या पाइपाला एवढं भोक नसतं."

"हा बोटीवरचा पाइप हाय. बाजारातला नाय."

"बोटीवर काय पाइप बनवत होते का? दुकानातूनच घेतलात ना?" माझा आवाज चढला. "मी सांगतो, भोकाचा काही दोष नाही. मी रोज हेच काम करतो. माझं ऐका कधीतरी."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाइप रुमालात ठेवत ते म्हणाले, "तुला जमत नसंल तर जावयांना देतो."

ज्याने स्वतःच्या पाइपाचा तळ फोडला त्या माणसाला देतो म्हणाले. मी तो रुमाल त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. मी बरोबर होतो. भोकाचा दोष नव्हता, हे मी तोंडाने बोललो होतो, आणि तरीही तिथून पुढचा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही: भोकाचा नाही तर मग कशाचा? तो विचार करायला राग सोडावा लागला असता. राग सोडायची माझी तयारी नव्हती. तो त्यांच्याकडूनच आला असावा.

सोमवारी मी साडेचारचं ड्रिल लावलं. लाकडाच्या भिंती आता पातळ झाल्या होत्या, त्यामुळे एक एक फेरा जपून घ्यावा लागला. काम झाल्यावर पाइप धुतला, पुसला आणि रिकामाच तोंडात धरून ओढून पाहिला. पाण्याचा पेला तोंडाला लावावा तशी हवा आली. कुठे अडथळाच नव्हता. माझ्या गाळ्यात एखादा जॉब परत आला की मी तीन गोष्टी तपासतो: जॉब, मशीन, आणि माप घेणारा माणूस. पुष्कळदा चूक तिसऱ्यातच निघते. मी पाइप तपासला, ड्रिल तपासलं आणि थांबलो. पुरावा माझ्या तोंडात होता. मी तो काढला, रुमालात बांधला आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला नुसती खोड काढायची आहे.

पप्पांनी तो पाइप घेतला. नंतर दिवसातून एकदाच ओढायचे, मग एक दिवसाआड. तोंडात रिकामाच धरून बसलेलं मी त्यांना बरेचदा पाहिलं. मला वाटलं, एकदाचा हरला. मला जिंकल्यासारखं वाटलं हे मी इथे लिहून ठेवतो.

नाताळच्या आधी, देखाव्याचा गोठा सजवायची वेळ, तेव्हा त्यांना सर्दी झाली आणि ताप आला. दोन दिवसांनी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ते पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते आणि त्यांचे खांदे वरखाली होत होते. मी विचारलं, काय होतंय? त्यांनी एक शब्द काढला, थांबले, मग दुसरा काढला. "चप्पल... कुठं..." एवढंच. मी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं.

डॉक्टर तरुण होता, आमच्या मुलांच्या वयाचा. त्याने छातीला नळी लावून ऐकलं, छातीचा फोटो काढायला पाठवलं, ऑक्सिजन लावला. थोडं बरं वाटल्यावर त्याने पप्पांना विचारलं, "बाबा, दम कधीपासून लागतो?"

"दम नाय लागत," पप्पा म्हणाले. "पाइप जड ओढतो."

डॉक्टरला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. कुठल्याही कारखान्यात कुठलाही शिकाऊ माणूस ज्याला हसेल अशी चूक मी दोन वर्षं करत होतो, मोठ्या सफाईने, सागाच्या पट्ट्या लावून.

बाहेर येऊन डॉक्टरने फोटो दाखवला. फुप्फुसं झिजलेली आहेत, म्हणाला, एका दिवसात झालेलं नाही, दोन तीन वर्षं तरी हळूहळू कमी होत आलं असणार. आधी आला असतात तर बरंच थांबवता आलं असतं. "घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, नाही. खरं उत्तर वेगळं होतं. माझ्या बायकोच्या लक्षात आलं होतं, तिने मला सांगितलं होतं. पप्पांच्या तर पहिल्याच ईस्टरला लक्षात आलं होतं, ते त्यांनी ज्या शब्दांत येत होतं त्या शब्दांत मला सांगितलं होतं. सांगायची त्यांची जागा चुकली नव्हती. इंजिन ओढत नसलं की फिटर आधी हवेचा मार्ग तपासतो, तसं त्यांनी पाइपाकडे पाहिलं. आणि मी ड्रिल घेतलं.

पाचव्या दिवशी ऑक्सिजन थोडा कमी केला. सकाळी नर्स आली. वयाने लहान, पण आवाज मोठा, वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना तिने धाकात ठेवलं होतं. तिच्या हातात प्लास्टिकचं एक खेळणं होतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी, आणि बाजूला एक वाकणारी नळी तोंडात धरायला. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची. एक गोळी वर आली तर बरं, दोन आल्या तर चांगलं, तिन्ही आल्या तर घरी जायचं, असं तिने सांगितलं. "चला बाबा, ओढा."

पप्पांनी नळी ओठांत धरली. मला ते गाल ओळखीचे होते. आत गेले, डोळे थोडे मोठे झाले, मानेच्या शिरा दिसल्या. पहिली गोळी तळाशी हलली आणि तिथेच बसली. त्यांनी परत ओढलं. गोळी परत हलली आणि बसली. वॉर्डातले दोघे तिघे आमच्याकडे बघत होते.

पप्पांनी नळी काढली, यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, आणि नर्सला म्हणाले, "ह्याचा भोक लहान हाय."

"नाही हो बाबा, सगळ्यांना हेच देतो."

"कंपनीवाले... लहानच पाडतात." ते थांबले, श्वास घेतला. मग माझ्याकडे बोट केलं. "माजा पोरगा लेथवर हाय. त्याला द्या. तो मोठा करून देल."

नर्स खळखळून हसली. शेजारच्या पलंगावरचा माणूसही हसला. तिने ते यंत्र खरंच माझ्या हातात दिलं, सराव करून घ्या यांच्याकडून, असं म्हणून. आजवर त्यांनी कोणासमोर माझ्या कामाचं नाव काढलं नव्हतं. ज्या शब्दांची मी वाट पाहिली होती ते अशा ठिकाणी येतील असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि आता ते मला नको होते. माझ्या मनात आलं, हो म्हणावं. घेऊन जातो म्हणावं, उद्या आणतो म्हणावं. ते खूश झाले असते. दोन वर्षं मी हेच केलं होतं.

मी नळी पुसली आणि ते यंत्र खिडकीच्या उजेडात धरलं. सवयीने डोळ्यांनी माप घेतलं. भोक मोठं होतं, हवं त्याहून मोठं. मी स्टूल ओढून त्यांच्या जवळ बसलो.

"पप्पा," मी म्हटलं, "भोक बरोबर हाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, तुला काय कळतं. नर्स हसायची थांबली होती. मी डोळे खाली घेतले नाहीत.

मग ते तिच्याकडे वळले. "तो बोलतो," ते म्हणाले, थांबले, श्वास घेतला, "तर बरोबर असंल." आणि नळीसाठी माझ्यापुढे हात केला.